मंचरला बसमध्ये चढणारी बाई

आक्काला कॅन्सर झाला तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला तो रोगाचा नाही, एका बाईचा. हे वाक्य कागदावर बरं दिसत नाही, मला कळतं. पण गोडगोड लिहायचं असतं तर मी लिहायलाच बसले नसते.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन मी पिंपरी पेंढारला आले तेव्हा मला धड भाकरीही थापता येत नव्हती. सासूबाई तोंडाने तिखट. पहिल्याच दिवशी माझ्या भाकरीचा नकाशा बघून त्या काही बोलणार, एवढ्यात आक्काने ती भाकरी उचलून स्वतःच्या ताटात टाकली आणि वर आमटी ओतली. नकाशा आमटीत बुडाला. त्या दिवसापासून मी तिची झाले. टोमॅटोची बांधणी असली की एका सरीत ती, शेजारच्या सरीत मी. बाजारला एकत्र, विहिरीवर एकत्र, दिवाळीला साड्याही एकाच रंगाच्या. परकी माणसं आम्हाला बहिणी समजायची आणि मी मुद्दाम खुलासा करायची नाही. मला सख्खी बहीण नव्हती. आक्का माझी आहे, असं मी मनात धरूनच चालले होते.

गाठ तिला लागली तेव्हाही तिने पहिल्यांदा मलाच सांगितलं. न्हाणीत मी तिची पाठ चोळत होते. माझा हात धरून तिने डाव्या बाजूला नेला.

"हितं कायतरी लागतंय बघ."

"दुखतं का?"

"न्हाई. म्हून तर गप बसले व्हते. टोमॅटोचा तोडा संपला की दाखवू."

दुखत नाही म्हणजे काही नाही, ही आमच्याकडची समजूत. मीही तसंच समजत होते, पण बोटांना ते खड्यासारखं कडक लागलं. थोरल्या दिरांसमोर मी तोवर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय कधी गेले नव्हते. त्या दिवशी ओल्या हातांनी, पदराबिदराचं भान न ठेवता ओट्यावर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, उद्या नारायणगावला डॉक्टरकडं जायचं. टोमॅटो सडलं तरी चालंल." नारायणगावहून पुण्याला पाठवलं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. डावीकडचं सगळं काढलं, काखेतल्या गाठीही काढल्या. त्या सगळ्या दिवसांत तिच्या उशाशी मी होते. तिची फणी मी, तिचं पाणी मी, तिचं उठणंबसणं मी. खरं सांगते, हाल होत होते, पण मनात कुठेतरी मान ताठ होती, की तिचं माझ्यावाचून चालत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. घरोघरी फोन नव्हते, काही विचारायचं तर माणसांनाच विचारायचं, आणि माणसं न विचारताच सांगायची. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. बिस्किटाचा पुडा आणतो आणि त्याच्याबरोबर एक उपाय. रोगाचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं. "ते", "तसलं", "त्यातलं" असंच बोलायचं. एकीने वांगं बंद करायला सांगितलं, दुसरीने दूध. तिसरा म्हणाला, चाकू लागला की ते अंगभर पसरतं, आता देवावर हवाला. एक लांबच्या आत्याबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिचं ताटतांब्या येगळं ठिवा गं, पोरंबाळं हायेत घरात." मी तिथल्या तिथे स्वयंपाकघरात गेले, आक्काच्या उष्ट्या ताटात भात वाढून घेतला आणि आत्याबाईंच्या समोर बसून चाटूनपुसून खाल्ला. त्यांनी चहा अर्धा टाकला.

पण मीसुद्धा काही शहाणी नव्हते. कुणीतरी सांगितलं, घाटघरच्या पुढे नाणेघाटाच्या अंगाला एक म्हातारा झाडपाला देतो, अशी माणसं त्याने खडखडीत बरी केलीत. मी नवऱ्याला घेऊन जुन्नरला, तिथून जीपने घाटघर आणि पुढे अनवाणी, कारण पायांत वहाणा घालून जायचं नाही असा नियम होता. कुसळं भरली पायांत. म्हाताऱ्याने पुडी दिली आणि बजावलं, "उपाशीपोटी दुधातनं द्यायची. आन कुणाला सांगायचं न्हाई. सांगितलं की गुण जातो." ती पुडी मी साडीच्या घडीत ठेवली. दुधावर बंदी घालणारी बाई मी मनातल्या मनात रद्द केली. रोज सकाळी आक्काला पुडी द्यायची आणि तिने ती डोळे मिटून प्यायची. मला वाटायचं, डॉक्टर सुया देतायत त्या देऊ देत, बरी तर ती माझ्या पुडीने होणार.

आणि अशात ती बाई आली.

आक्काला सुया द्यायला पुण्याला न्यायचे. सुया म्हणजे ते सलाईनमधून देतात ते औषध. पहिल्याच खेपेला मी केसपेपर काढायला रांगेत गेले. परत आले तर बाकावर आक्काच्या शेजारी, माझी पिशवी बाजूला सरकवून, एक ठेंगणी गोरी बाई बसली होती. डोक्यावरून ओढणी, उजव्या हातात भरगच्च बांगड्या आणि डाव्या हातात एकही नाही. आणि आक्का हसत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी तिला हसवायला काय काय केलं होतं, सासूबाईंची नक्कल केली होती, ती ओठांच्या कडेने हसून गप व्हायची. आणि ही कोण कुठली, तिच्याजवळ आक्का दात दिसेपर्यंत हसते!

"ह्या मंचरच्या," आक्का म्हणाली. "ह्यांचं बी माझ्यासारखंच झालंय. दोन वर्षं झाली."

मंचरच्या बाजारपेठेत तिच्या घरचं पेट्याकुलपांचं दुकान होतं. ती तपासणीला यायची आणि महिन्यातून एकदा हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या बायांच्या बैठकीला. आक्काच्या सुयांचा वार आणि तिचा वार नेमका एकच निघाला. झालं. पुढच्या खेपेपासून आम्ही आळेफाट्याला बस धरायची, मी आक्काला खिडकी द्यायची, शेजारी बसायची आणि मंचर येईपर्यंत सुखात असायची. मंचरला बस थांबली की आक्का खिडकीतून मान बाहेर काढायची. ती चढायची, आमच्या सीटपाशी येऊन दांडा धरून उभी राहायची आणि माझ्याकडे बघून गोड हसायची. मग आक्काच म्हणायची, "तू जरा मागं बसतीस का गं? आमचं बोलायचं राह्यलंय." आमचं! मी मागच्या सीटवर कोंबडीवाल्याशेजारी बसून पुण्यापर्यंत त्या दोघींच्या डोक्यांच्या मागच्या बाजू बघत राहायची.

त्यांचं अगंतुगंही लवकरच सुरू झालं. मी इतक्या वर्षांची जाऊ, अजून "आक्का, तुमी" म्हणते. थोरल्या जावेला अरेतुरे करायचं नाही ही आमच्या घरची रीत. आणि ही चार खेपांत "अगं ए" वर आली.

मग ती खोली. बैठकीच्या दिवशी मंचरवाली आक्काला हाताला धरून तिकडे घेऊन निघाली, मी मागोमाग. दारात एक मोठ्या वयाची नर्स होती. ती म्हणाली, "पेशंटनीच आत यायचं."

"मी त्यांच्या घरची हाय. ऑपरेशनपास्नं मीच बघती त्यांचं."

"खरंय हो. पण आत बाया साडी बाजूला करून एकमेकींना टाके दाखवतात. दुसरं कुणी असलं की त्या बोलत नाहीत. तुम्ही बसा बाहेर."

टाके! ते टाके मी रोज पुसत होते. त्या टाक्यांवर पहिला कापूस माझ्या हाताने लागला होता. आणि अंगात रोग नाही म्हणून माझ्या तोंडावर दार लागलं. बाहेरच्या बाकावर बसले. आतून आधी गुणगुण ऐकू आली, मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या एकदम हसल्या. त्या हसण्यात आक्काचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. त्या क्षणी माझ्या मनात आलं, आपल्यालाही एक गाठ असती तर. लगेच मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. शेजारचा म्हातारा दचकून लांब सरकला.

खोलीतून आक्का काहीबाही शिकून यायची. घरी भिंतीपुढे उभी राहून डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची. हात आखडू नये म्हणून. बोटं जिथवर पोचतील तिथे मंचरवालीने खूण करायला सांगितलं होतं. खूण मी करायची, विळ्याच्या टोकाने. सारवलेल्या भिंतीवर रेघा वर वर सरकत होत्या, आणि ते चांगलंच होतं, पण प्रत्येक रेघ मारताना मला वाटायचं, हे मला का सुचलं नाही.

पुडीचं मंचरवालीला कळलं ते आक्काकडूनच. एकदा बसमध्ये मागे बसले असताना मंचरवाली वळली.

"पुडी कसली देता वं ताई?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "झाडपाल्याची. लोक बरं झाल्यात त्यानं."

"झाली बी असतील. मला ठाव न्हाई. पर सुया चालू हायेत तवर डॉक्टरीणबाईंना दाखवून मग द्या."

"दाखवायची न्हाई ती. सांगितलं की गुण जातो."

"जे औषध डॉक्टरपास्नं लपवायला सांगत्यात ना, त्याचंच मला भ्या वाटतं," असं ती म्हणाली आणि पुढे वळली. न भांडता. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी भांडणात हरत नाही. पुण्यात त्या दोघींनी माझी पुडी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, यात काय आहे ते मला माहीत नाही आणि सुयांबरोबर ते अंगात काय करेल तेही माहीत नाही, म्हणून आत्ता नको. जिच्यापायी माझ्या पायांत कुसळं मोडली ती पुडी तिथे कागदासकट बाजूला सरली. परतीच्या बसमध्ये मी तोंड फुगवून बसले. कुणी विचारलंही नाही.

सगळ्यात जास्त जीव जळाला तो पुढच्या खेपेला. सुई घेऊन परत निघालो होतो. आक्काचे केस तोवर गेले होते, पदराखाली रुमाल घट्ट बांधलेला. चाकणच्या अलीकडे तिचे खांदे हलायला लागले. मी मागे बसून बघत होते.

"मला न्हाई जमायचं आता," ती म्हणत होती. "बास झालं. फुडची सुई मी घ्यायची न्हाई. जे व्हईल ते व्हईल."

मी उठणारच होते. पण मंचरवालीने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. रडू नको म्हणाली नाही, देवाचं नाव घेतलं नाही, सगळं चांगलं होईल असंही म्हणाली नाही. म्हणाली, "रड." आणि थांबली. आक्का राजगुरुनगर येईपर्यंत रडली. मग मंचरवालीने विचारलं, "आता सांग, नेमकं काय सोसत न्हाई?"

"सारखी उलटी येती. तोंड आलंय, पाणी गिळवत न्हाई. डोळ्याला डोळा न्हाई."

"हे आत डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं? औषधच तसं हाय म्हणतील."

"म्हणू देत. उलटीवर गोळी असती, एक चालली न्हाई तर दुसरी असती. माझी बदलून दिली व्हती. तुझ्या अंगाला काय बसंल ते मला ठाव न्हाई, फुडल्या खेपंला दोघी मिळून इचारू. उगं सोसायचं आन मग पळून जायचं, हे कुठलं गं?"

पुढच्या खेपेला दोघींनी मिळून विचारलं. गोळी बदलली. उलट्या थांबल्या नाहीत पण कमी झाल्या, आक्का वरणभात जेवू लागली. सगळ्या सुया झाल्या, नंतर शेकही झाला, म्हणजे मशीनखाली किरणं देतात तो. ती वाचली. मला आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? रात्रंदिवस देव पाण्यात ठेवले होते मी. पण त्या आनंदात एक खडा होता. मी न राहवून एकदा विचारलंच. आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो.

"आक्का, सुया सोडायच्या व्हत्या तवा माझ्याजवळ का न्हाई बोलला? मी काय परकी?"

ती सोलायची थांबली नाही. "तुझ्याजवळ रडले तर तू माझ्या आधी रडतीस. मग तुला गप करायला मलाच उठावं लागतं. आन मला तवा उठवत नव्हतं गं."

मी यावर काहीतरी तोडून बोलणार होते, पण डोळ्यांत पाणी आलं आणि तिचंच म्हणणं खरं ठरलं.

त्यानंतर त्या दोघींचं जाणंयेणंच सुरू झालं. ईदला मंचरहून शीरखुर्म्याचा डबा यायचा. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही. मग आक्का म्हणायची, पुरणपोळ्या करू. आक्काने डाव्या हाताने जोर करायचा नाही, म्हणून पुरण मी वाटायचं, कणीक मी तिंबायची, पोळ्या मी लाटायच्या आणि डबा कुणाचा? आक्काचा. मंचरहून निरोप यायचा, "पोळ्या लई मऊ झाल्या व्हत्या, सांग तिला." सांग तिला! मी पुरणात मीठ टाकायचं एकदा मनात आणलं होतं. टाकलं नाही, कारण शेवटी पोळ्या माझ्या होत्या.

मग आक्काच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. आक्का नवरीची आई. मंचरवालीला करता येणार नाही असं काहीतरी मी आक्कासाठी करणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं. बांगड्या भरायला कासार घरी आला तेव्हा मी त्याच्या पेटीतल्या बाजूला सारून, आधीच नारायणगावहून आणलेला हिरवा चुडा पुढे केला. बारीक सोनेरी नक्षीचा. आक्काचा उजवा हात भरून झाला.

"डावा ऱ्हाऊ दे," ती हळूच म्हणाली.

"ऱ्हाऊ दे कसा? नवरीची आई आन एक हात बोडका? मी माझ्या पसंतीनं आणल्यात. घाला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मुकाट्याने डावा हात पुढे केला. कासाराने पंजा दाबून दाबून बांगड्या चढवल्या. घट्ट बसली तर हात शोभतो, म्हणाला. खरंच शोभला. मांडवात मी त्या हातांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बघ म्हणावं मंचरवालीला, हिचे दोन्ही हात भरलेत.

लग्न पार पडून सत्यनारायण झाला आणि दुसऱ्या सकाळी आक्का उठेना. जाऊन बघते तर डावा हात कोपरापर्यंत सुजलेला, लालबुंद, तव्यासारखा तापलेला. बांगड्या मांसात रुतलेल्या. अंगात ताप. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, एकही हलली नाही. फोडायच्या, असं नुसतं म्हणाले तर सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "नवरा जिता हाय तिचा. कालपरवा लेक सासरी गेली. बांगडीला पक्कड लावशील तर बघ." आक्काही म्हणायला लागली, लग्नघर आहे, चार दिवस जाऊ द्या. थोरले दीर ओट्यावर मान खाली घालून बसले होते. मला एकच बाई आठवली जिचं आक्का ऐकते. आठवली म्हणून माझाच मला राग आला. तशीच गावच्या फाट्यावरच्या फोनच्या दुकानात पळत गेले आणि मंचरच्या दुकानात फोन लावला. तिच्या नवऱ्याने उचलला, तिला दिला. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"हात गरम हाय? लाल? आन ताप बी?" तिचा आवाज एकदम बदलला. "मग मी यायची वाट बघू नका. आधी बांगड्या काढा आन आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्या. आज. उद्या न्हाई."

"सासूबाई हात लावू देत न्हाईत. नवरा जिता असताना..."

"माझा डावा हात बघितलाय ना तुमी? आन माझा नवरा हा काय गल्ल्यावर बसलाय. देऊ का त्याच्याकडं फोन? काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातात घट्ट काय घालायचं न्हाई, सुई टोचायची न्हाई, बीपीचा पट्टा बांधायचा न्हाई. खोलीत माझ्यासमोर तिला सांगितलंय. तिला सगळं ठाव हाय."

"ठाव हाय? मग घातल्या कशाला?"

ती म्हणाली, "ते तिलाच इचारा."

घरी येऊन मी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतली पक्कड काढली. सासूबाई उठल्या. तेवढ्यात थोरले दीर आत आले. आयुष्यात ते आईसमोर वर मान करून बोलले नव्हते. म्हणाले, "काढ गं. बांगडीनं मी मरत न्हाई." आणि स्वतः आक्काचा कोपर धरून बसले. मी बांगडी आणि कातडीच्या मध्ये जुन्या पातळाची पट्टी सरकवली आणि एक एक बांगडी पक्कडीत धरून दाबायला लागले. कातडीला काच लागू द्यायची नव्हती.

"ठाव व्हतं ना तुमाला?" मी मान वर न करता विचारलं.

"व्हतं."

"मग बोलायचं ना."

"तू एवढ्या हौशीनं आणल्या व्हत्यास. आन त्या खोलीतलं काय बी सांगितलं की तुझं तोंड उतरतं. म्हटलं चार दिवस घालू, तुझं मन ऱ्हाईल."

इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मला त्या वेळी मिळालं. तिने माझ्यासाठी हात पणाला लावला होता. पुढची बांगडी दाबली, कट्ट वाजलं, हिरवी काच पट्टीवर पडली. अजून सहा बांगड्या राहिल्या होत्या.

दुपारच्या आत तिला नारायणगावला नेलं, औषधं सुरू झाली, चार-पाच दिवसांत ताप उतरला. हात थोडा जाडसर राहिला तो राहिलाच. तेव्हापासून मी एक करायला लागले. बैठकीहून आक्का आली की मी विचारायची, "काय सांगितलं आज?" तोंड वाकडंच असायचं माझं, पण विचारायची. ती सांगायची आणि मी ऐकायची. जळणं थांबलं असं कुणी समजू नये. बसमध्ये मी मागेच बसत होते.

पुढे काही वर्षांनी, आमच्या घरात मोबाईल आला होता तेव्हा, मंचरवालीचा रोग उलटला. हाडांत गेला. मग आक्का दर आठवड्याला मंचरला जायची आणि मी बरोबर. मी दुकानात बसायची, तिचा नवरा चहा मागवायचा. एकदा आतून निरोप आला, मलाही बोलावलंय. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, खूप लहान दिसत होती. आक्का पाणी आणायला गेली तेव्हा ती म्हणाली, "तुमी माझ्यावर लई जळता ना?"

मी खाटेवरची चादर सारखी करायला लागले.

"जळा की. तिच्यापायी जळणारं कुणीतरी पायजेच." मग दम घेऊन म्हणाली, "एक करा. ती रडंल तवा तिला गप करू नका. आन तुमी रडू नका."

ती पावसाळ्याच्या तोंडावर गेली. आम्ही दोघी गेलो, घरातल्या बायांमध्ये दिवसभर बसलो. आक्काच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ती त्या घरच्या सुनांना पाणी देत होती, लहान लेकरांना भरवत होती. दिवस कलल्यावर आम्ही मंचरच्या स्टँडवर आलो. मंचरला चढणारी ती आता नव्हती, आम्ही दोघीच बसमध्ये चढलो. आक्का खिडकीशी बसली, तिच्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती आता माझीच होती. मी बसले.

बस कळंबच्या पुलावर आली आणि आक्का फुटली. माझ्या खांद्यावर डोकं टाकून, पुढच्या सीटवरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने. कंडक्टर आला, मी एका हाताने आळेफाट्याची दोन तिकिटं घेतली. दुसरा हात तिच्या पाठीवर होता. लग्न होऊन आल्यापासून ज्याची वाट बघत होते ते घडत होतं. आक्का माझ्याजवळ रडत होती, पोटभर, हुंदके देऊन. आणि रडत होती ती त्या बाईसाठी.

मी जळले. पण रडले नाही, आणि आळेफाटा येईपर्यंत तिला गप केलं नाही.